फत्तेमारी ‘नारायणी’च्या शोधात ढाणकीपर्यंत

बुडालेल्या जहाजाची चौकशी करायला मी यवतमाळ जिल्ह्यात जाऊन आले, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या नवऱ्याकडे. तो बिचारा पंख्याकडे बघतो. मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. नकाशावर यवतमाळ दाखवायचं, कापूस म्हणायचं आणि पुढे सरकायचं, एवढीच माझी त्या जिल्ह्याशी ओळख. तिथून समुद्र किती लांब आहे हे मला कोणी शिकवायला नको. तरीही गेले, आणि जे शोधायला गेले ते मिळालं. वर आणखी मिळालं ते वेगळंच.

आधी ‘नारायणी’बद्दल सांगते. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीच्या काठावर बांधलेली ही फत्तेमारी, म्हणजे मालवाहू शिडाचं जहाज. दोन डोलकाठ्या, सागवानी अंग, आणि फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवलेला. नारळ, सुपारी, काथ्या, सुकी मासळी भरून ती पनवेल बंदराला जायची आणि येताना मीठ आणायची. माझे खापरपणजोबा विठू तांडेल तिचे कप्तान. एका पहाटे पनवेलहून मीठ घेऊन परत येताना, धुक्यात, आमच्याच खाडीच्या तोंडाशी ती खडकावर चढली आणि फुटली. विठू तांडेल गेले, त्यांच्याबरोबर तीन खलाशी गेले. वाचला एकटा स्वयंपाकी, तो खाली पडून होता, पण जागा होता म्हणे.

त्या स्वयंपाक्यानं गावात येऊन एकच गोष्ट सांगितली: त्या पहाटे तांडेलानं शिसं टाकलंच नाही. हे शिसं म्हणजे दोरीला बांधलेला शिशाचा लांबट गोळा. खडकाळ पाण्यात शिरताना तो सोडायचा, दोरी किती गेली ते बघायचं आणि मोठ्यानं ओरडायचं, इतके वाव पाणी. एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होतं तेवढं माप. धुक्यात शिसं न टाकता खाडीत शिरणारा तांडेल हा एक तर वेडा, नाही तर प्यालेला. गावानं ठरवलं, प्यालेला. त्यात भर म्हणून ओहोटीला फुटक्या जहाजावर एक पितळी घंटा सापडली. चक्क बैलाच्या गळ्यातली, कोणी आधी कधी न पाहिलेली. शुद्धीतला माणूस जहाजाला बैलाची घंटा बांधेल का, असं लोक म्हणाले, आणि खरं सांगायचं तर मीही लहानपणी तेच म्हणायचे.

तेव्हापासून नारळी पौर्णिमेला आमच्या घरचे लोक मागे उभे राहतात. कोणी सांगत नाही, आम्हीच राहतो. बुडालेल्यांपैकी दोघांची घरं पुढे मुंबईला गेली. एक घर अजून खाडीपलीकडे आहे, त्याला आम्ही पैलतीरचं घर म्हणतो. त्या घरात आमच्यापैकी कोणी पाच पिढ्यांत पाणी प्यालेलं नाही. माझे दत्ताकाका, वय अठ्ठ्याऐंशी, आयुष्यभर एकच वाक्य बोलत आले: “आमचा तांडेल दारू प्याला नव्हता.” पुरावा विचारला की चिडतात. मागच्या पावसाळ्यात आजारी पडले तेव्हा मला जवळ बोलावून म्हणाले, “बाय, तू शिकलेली. मी जायच्या आत एवढं शोधून दे.” मी हो म्हटलं. आजारी माणसाला दुसरं काय म्हणणार?

मग आमच्या गावच्या बँकेत यवतमाळचा एक अधिकारी बदलून आला, प्रफुल्ल नावाचा. चहाला आला, आमच्या देवघराशेजारी टांगलेली ती घंटा पाहिली आणि तिचा फोटो काढून वडिलांना पाठवला. वडील, नाना, उमरखेडच्या कोर्टात कारकून होते, आता निवृत्त. दहा मिनिटांत त्यांचा फोन. ढाणकीजवळच्या एका तांड्यातले दोन भाऊ एका शिशाच्या गोळ्यावरून कोर्टात आले होते, तो कोणाच्या घरी राहील म्हणून. “त्याइनं सांगितलं होतं,” नाना म्हणाले, “का आमच्या पणज्यानं बैलाची घंटा देल्ली अन् समुद्रावरच्या मानसाकडून हा गोळा घेतला. जज साहेब हसले. मी मात्र लिहून घेतलं होतं ना जी.”

मी त्याच संध्याकाळी तिकीट काढलं.

कळंब

वर्ध्याला गाडीतून उतरले तेव्हा जानेवारीतली सकाळ होती आणि मी चक्क कुडकुडत होते. आमच्याकडे थंडी म्हणजे रात्री पंखा बंद करणे. इथे एसटीच्या खिडकीतून वारा असा आला की मी पिशवीतला टॉवेल डोक्याला गुंडाळला. नानांनी बजावलं होतं की यवतमाळच्या आधी कळंबला उतरा, चिंतामणीला न भेटता काम होत नसते. स्वतः ते जुनी पांढरी गाडी घेऊन स्टँडवर उभे होते. उंच, सडपातळ, खिशाला दोन पेनं, आणि बोलताना प्रत्येक वाक्यानंतर समोरच्यानं मान डोलवेपर्यंत थांबायची कोर्टातली सवय.

आमच्याकडे देवाला जायचं म्हणजे डोंगर चढायचा. इथे पायऱ्या उतरून खाली जायचं. गणपती जमिनीच्या पोटात बसलेला, गारव्यात, समोर कुंड. नाना म्हणाले, “कधी कधी हे कुंड आपोआप भरते. गंगा येते म्हनतात.” मी विचारलं, किती खोल आहे? नानांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. “देवाच्या कुंडाची खोली कायले पाहिजे तुम्हाले?” आमच्या घरात पाणी दिसलं की पहिला प्रश्न हाच असतो.

यवतमाळ

नानांच्या बायकोनं, आपण त्यांना काकू म्हणू, मला पाहताच विचारलं, “तुम्ही रोज मासोळी खाता? काट्यासगट?” मी म्हटलं, काटे ताटाच्या कडेला ठेवतो. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. जेवायला गोळाभात होता: भातात शिजवलेले हरभऱ्याच्या डाळीचे गोळे, ते कुस्करायचे आणि वरून हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी ओतायची. फोडणी वाढायला वेगळी वाटी, आणि काकूंचा हात सैल. आम्ही खोबरेल जपून वापरणारी माणसं, मी हात आडवा धरला. पण चव अशी की मी तिसऱ्यांदा भात घेतला.

ठेच्याचं मात्र चुकलं. हिरवा, छान दिसत होता, मी चटणी समजून चमचाभर तोंडात टाकला. पुढची पाच मिनिटं मला फारशी आठवत नाहीत. नाना शांतपणे म्हणत होते, “पानी नका पिऊ, पानी नका पिऊ,” आणि मी तांब्या घट्ट धरून पीत होते. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही शेवटी हसले, पण डोळे पुसत.

दुपारी नानांनी जुनी वही काढली. पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या दाव्याची टिपणं, अक्षर मोत्यासारखं. दोघा भावांनी शेवटी कोर्टाबाहेरच मिटवलं होतं, गोळा नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या घरी राहील म्हणून. ते भाऊ गोर बंजारा. त्यांचे पूर्वज पाठीवर गोण्या लादलेले शेकडो बैल घेऊन देशभर माल वाहायचे. वऱ्हाडातून कापूस आणि धान्य पनवेलला, तिथून मीठ परत. म्हणजे पनवेल बंदरात एका बाजूनं आमची ‘नारायणी’ यायची आणि दुसऱ्या बाजूनं त्यांचे बैल. हे मी बत्तीस वर्षं फळ्यावर वेगवेगळ्या धड्यांत शिकवलं, आणि दोन्ही एकाच धक्क्यावर आणून उभं करायचं माझ्या डोक्यात कधी आलं नाही. नानांसमोर मला त्याची लाज वाटली.

ढाणकीच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी निघालो. रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागलेला. खरोखर लागलेला नव्हे, कापसानं भरलेल्या गाड्या जाताना काट्यांना पुंजके अडकून राहतात. मैलोनमैल काटेरी झाडांना पांढरी फुलं. मी गाडी थांबवून एक पुंजका हातात घेतला. आमच्या ‘नारायणी’च्या फळ्यांत हाच कापूस ठोकलेला असणार, असं मी नानांना मोठ्या थाटात सांगितलं. नाना म्हणाले, “तरी पानी शिरलं ना जी.” मी पुंजका खिडकीबाहेर टाकून दिला.

आर्णीच्या पुढे गाडीचा पट्टा तुटला. दोन तास गेले. त्या दोन तासांत मी चार प्रकारच्या तुरीच्या शेंगा सोलून खाल्ल्या आणि नानांच्या तोंडून उमरखेड कोर्टातले सगळे गाजलेले खटले ऐकले. एका म्हशीवर दोघांनी दावा केला होता, तो खटला मला फार आवडला. मिस्त्री आला तो मोटरसायकलवर, नवा पट्टा गळ्यात घालून, एखाद्या नवरदेवासारखा.

ढाणकीच्या बाजारातून पुढे वळलो आणि तांड्यात शिरलो. एका घरापुढे थांबलो. घरच्या माणसांनी बाज टाकली, पाणी दिलं, चहा दिला, मग ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी आणून ठेवली. आम्ही जेवलो. हात धुतल्यावर घरधन्यानं विचारलं, “आता सांगा, कोणाकडे आल्या?” नानांनी नाव सांगितलं. “तो तांडा वेगळा जी. नाल्याच्या पल्याड.” मी म्हटलं, अहो मग आधी का नाही सांगितलंत? त्याला प्रश्नच कळला नाही. जेवायच्या आधी पाहुण्याला काम विचारायचं नसतं, एवढंच तो म्हणाला. आमच्याकडे फाटकाशी उभं राहिलं की आतून आवाज येतो, “काय काम?” मीही तसंच ओरडते. आता जरा थांबून ओरडते.

तांडा

नाल्यापलीकडच्या तांड्यात देवीदास नायक भेटले. पन्नाशीचे, पांढरी टोपी, तुरीच्या गंजीवरून उतरून आले. त्यांची आई ओट्यावर बसली होती. तिला सगळे याडी म्हणतात, म्हणजे आई. हातात कोपरापर्यंत जुन्या पांढऱ्या बांगड्या, डोळे बारीक, पण नजर सरळ. “आव, बेस,” ती म्हणाली. ये, बैस.

या वेळी मी शहाणी झाले होते. चहा होईपर्यंत कामाचं बोलले नाही. मग घंटेचा फोटो दाखवला. याडीनं फोन डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ धरला.

“ही तर आमच्या म्होरल्या बैलाची आहे,” ती म्हणाली. “जो बैल सगळ्याइच्या पुढं चाले त्याची. तुले कोठी भेटली?”

मी सांगितलं की मी विठू तांडेलाच्या घरची. ते ऐकून ती उठली, कोणाचा आधार न घेता, आणि घरात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. देवीदासनी ते घेऊन बाजेवर ठेवलं.

शिशाचा गोळा. लांबट, वर दोरीसाठी भोक, खाली खळगा. तळाला चरबी भरायची, म्हणजे खाली वाळू आहे की चिखल की खडक ते चिकटून वर येतं, यासाठी असतो तो खळगा. मी असला दुसरा गोळा काकांच्या माळ्यावर पाहिलेला, पुढच्या पिढीच्या जहाजाचा. मी बोटानं तो खळगा चाचपला.

“हे तुम्ही कशाला वापरता?” मी विचारलं.

“विहिरीले,” देवीदास म्हणाले, जसं काही दुसरं कशाला वापरणार. “चला, दाखवतो.”

विहिरीवर मी जे पाहिलं ते समुद्रापासून इतक्या लांब कधी बघेन असं वाटलं नव्हतं. नायलॉनची दोरी, पण दर वावाला चिंधी बांधलेली, पाचव्या वावाला लाल. आमच्या खलाशांचीही तशीच. देवीदासनी खळग्यात लोणी भरलं, गोळा हलकेच सोडला, दोरी बोटांतून जाऊ दिली, आणि तळ लागताच बोटानं दोरी दाबून धरली. मग ओढून ओली झालेली तेवढी दोन्ही हात पसरून मोजली. “पानी चार वाव,” त्यांनी वर बघून हाळी दिली. लोण्याला मुरूम चिकटला होता. “गाळ नाही अजून. गाळ चिकटला तर उपसा करावा लागते.” दर वर्षी होळीनंतर ते हे करतात. कोणी शिकवलं विचारलं तर म्हणाले, “ज्यानं देल्लं त्यानंच.”

परत ओट्यावर आलो आणि याडीनं गोष्ट सांगितली, जशी तिला तिच्या सासूनं सांगितली होती. दर हंगामाला पनवेलच्या धक्क्यावर त्यांचा नायक आणि आमचा तांडेल भेटत. एकमेकांची भाषा अर्धी कळे, पण तंबाखू एकच ओढत. एका वर्षी नायक म्हणाला, आता आगगाडी आली, बैलावर माल कोणी देत नाही. ही शेवटची फेरी. आता एका जागी बसू, विहीर खोदू, शेती करू. तांडेलानं त्याला भाऊ मानलं आणि भावाला काय द्यावं म्हणून आपलं शिसं काढून दिलं. विहीर खोदलीस की पाणी याने मोज. नायकानं म्होरल्या बैलाच्या गळ्यातली घंटा सोडून त्याच्या हातात ठेवली.

“तुमचा तांडेल म्हने, मी घरी गेलो का दुसरं ओतून घेईन,” याडी सांगत होती. “अन् म्हने, किती वाव पानी लागलं ते मले सांगाले ये. आमचा गडी गेलाच नाही. बैल इकले, मंग कायचं जाते. पन आम्ही इसरलो नाही त्याले. होळीले विहिरीवर भोग लावतो, अरदास करतो, देवापाशी मागनं मागतो. समदरवाळो भिया म्हणतो त्याले, समुद्रावरचा भाऊ. भियार नावेन साई वेस. भावाच्या नावेले सुखी ठेव.”

माझ्या डोक्यात घंटा आणि शिसं शेजारी शेजारी येऊन बसली. घंटा त्या शेवटच्या फेरीआधी गावात कोणी पाहिलेली नव्हती. म्हणजे ती त्याच फेरीत मिळाली. म्हणजे शिसंही त्याच फेरीत दिलं. घरी जाऊन ओतून घेईन म्हणाला, आणि घर यायच्या आधी खडक आला. स्वयंपाकी खरंच बोलला होता. शिसं टाकलं नाही, कारण टाकायला शिसंच नव्हतं.

मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या जिभेला गप्प बसायची सवय नाही. बोलून गेले, की ती नाव त्याच फेरीत बुडाली, तांडेल गेला आणि तीन माणसं गेली.

देवीदास टोपी काढून हातात धरून बसले.

“मंग इतके वर्स,” याडी म्हणाली, “बुडेल नावेसाठी मागून राह्यलो आम्ही?” आणि तिनं गोळा उचलून माझ्या मांडीवर ठेवला. “घेऊन जाय. आमच्यापायी झालं हे.”

जड होता. मी नको नको म्हणत होते, ती ऐकत नव्हती. कोर्टात आयुष्य घालवलेले नानासुद्धा चष्मा पुसत बसले. मला त्या म्हातारीचं फार वाईट वाटलं आणि स्वतःचा राग आला. तिच्या पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या भावाला मी एका वाक्यात बुडवलं होतं.

शेवटी मी म्हटलं, माझ्या काकांना विचारते. शिसं त्यांच्या घरचं, तेच ठरवतील.

फोनला रेंज तुरीच्या शेतात होती, ओट्यावर नव्हती. काकांना कमी ऐकू येतं. त्यामुळे पाच पिढ्यांचं गुपित मी शेतात उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितलं, आणि तांड्यातल्या बकऱ्यांनीसुद्धा ऐकलं.

“काका, दारू नव्हती.”

“कशावरून?”

सगळं सांगितलं. घंटा, नायक, विहीर, शिसं.

“म्हणजे शुद्धीत होता,” काका म्हणाले.

“हो काका. पूर्ण शुद्धीत.”

“आणि शिसं नाही हे ठाऊक असून धुक्यात आत शिरला.”

मी हो म्हटलं. ते हो म्हणताना मला पहिल्यांदा कळलं की मी आणलेली बातमी तितकीशी चांगली नव्हती.

“पाणी लागलं का गो त्या विहिरीला?” काकांनी विचारलं.

“लागलं. चार वाव आहे आज.”

“मग शिसं तिथंच राहू दे. त्या बाईला सांग, आमच्या माणसानं दिलं ते राजीखुशीनं दिलं. तिचा काय दोष? आणि आता फोन ठेव. मला पैलतीरला जायचंय.”

“आत्ता? कशाला?”

“दारू नव्हती, दारू नव्हती म्हणून आपण इतकी वर्षं भांडत राहिलो,” काका म्हणाले. “चूक झाली म्हणून सांगायला कोण गेलंय तिथे?” आणि फोन बंद.

याडीला काकांचा निरोप सांगितला. तिनं ऐकून घेतला, गोळा माझ्या मांडीवरून उचलला, पदरानं पुसला. मग म्हणाली, “त्या तिघाइचे नाव सांग. आता अरदाशीत त्याइले बी घेतो.”

मी दोन नावं सांगितली, गोविंद आणि बाबू. तिसरं मला येत नव्हतं. ‘नारायणी’ला डोलकाठ्या किती, माल कोणता, लाकूड कुठलं, हे मी वहीभर लिहून ठेवलेलं. पैलतीरच्या घराशी आमचं बोलणंच नाही, तर त्यांच्या माणसाचं नाव कोण विचारणार? मी याडीला सांगितलं की ठाऊक नाही. तिनं गोळा पुन्हा कापडात गुंडाळला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आम्ही निघालो तेव्हा तिनं एक पिशवीभर तुरीची डाळ दिली आणि कोंबडी कापायला निघालेल्या देवीदासना नानांनी कसंबसं आवरलं.

घरी

चौथ्या दिवशी मी आमच्या गावात उतरले आणि घरी न जाता आधी काकांकडे गेले. काका अंगणात खुर्चीवर बसून सुपारी कातरत होते, जसं काही झालंच नाही.

“गेलात का?” मी विचारलं.

“गेलो तर. होडीनं. चढताना दोघांनी धरलं.”

“काय म्हणाले ते?”

“काही नाही म्हणाले. मी सांगितलं, आमच्या माणसाची चूक झाली, शुद्धीत झाली, त्यापायी तुमचं माणूस गेलं. ऐकून घेतलं.” काकांनी सुपारीचा तुकडा तोंडात टाकला. “मग उठायला लागलो तर त्यांची सून म्हणाली, जेवणाची वेळ झालीय.”

“जेवलात?”

“भात आणि कुळथाचं पिठलं. दोनदा भात घेतला.”

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. मग मी विचारलं, “त्यांच्या माणसाचं नाव कळलं?”

“विचारलं मी. रघू. सगळ्यांत लहान होता बोटीवर. पहिलीच फेरी त्याची.”

मी तिथूनच ढाणकीला फोन लावला. देवीदास तुरीच्या गंजीवर चढलेले, फोन शेतात बसलेल्या याडीनं उचलला. कोण बोलतंय ते तिला कळेपर्यंत जरा वेळ गेला. मी म्हटलं, याडी, तिसऱ्याचं नाव मिळालं. रघू.

“थांब,” ती म्हणाली. मग हळू, एकेक अक्षर नीट लावून, तिनं ते म्हणून पाहिलं.

“रघूभिया,” ती म्हणाली.